हिरडीआडचा दात

सर्जेराव आबांनी आयुष्यात किती जनावरांच्या तोंडात हात घातला असेल, ते त्यांनाही सांगता येणार नाही. आमचं गाव भीमेच्या काठाला. नदीच्या अलीकडं शिरूर तालुका, पूल ओलांडला की दौंड. दोन्हीकडच्या बाजारात बैल घ्यायचा असो नाहीतर दुभती गाय, माणसं आधी आबांना गाडीत घालून नेतात आणि मग व्यवहाराचं बोलतात. आबा जनावराच्या नाकपुड्यांत बोटं घालून मान वर करतात, खालचा ओठ ओढतात, हिरडीवरून अंगठा फिरवतात आणि सांगतात, "दुसा हाय." म्हणजे दोन पक्के दात आलेला. चार आले असले तर चौसा. सगळे आले असले तर म्हणतात, "जुळलाय. आता ह्याचं वय ह्यालाच ठावं." विकणारा शपथा घेत असतो, तिकडं आबा बघतही नाहीत. धोतराला हात पुसतात आणि चालू लागतात.

आबांनी सांगितलं की विषय संपला. खरं सांगायचं तर त्यांच्या ह्या गुणाचा मला कधीकधी रागच यायचा. मी रांजणगावला कंपनीत आहे, तिथं एवढासा नट तपासायला दोन माणसं आणि एक मशीन असतं. आबांचं तपासणारं कुणी नाही. पण शेजारी असलो तरी वयानं लहान, बोलणार काय?

आबांचा एक पक्का नियम होता. जनावराचे दात जोडीनं येतात. एका बाजूचा आला की थोडं मागंपुढं दुसऱ्या बाजूचा आलाच पाहिजे. जोडीतला एकच आला आणि शेजारी फट राहिली, तर आबांचा निकाल ठरलेला, "हितं दातच न्हाई. देवानं घालायचाच ऱ्हायला." असं जनावर ते कुणाला घेऊ देत नसत. कालवड कितीही देखणी असो, आबा पाठ फिरवायचे.

घरातही तोच कायदा. आबांचा अंगठा फिरल्याशिवाय त्यांच्या घरात बाळाला दात आला असं कुणी मानत नाही. नात समृद्धी पहिलीत असताना तिचे खालचे दोन दुधाचे दात पडून पक्के आले, तेव्हा आबांनी ओट्यावरून आख्ख्या आळीला ऐकवलं होतं, "आमची समृद्धी दुसा झाली!" पोरगी त्या दिवशी घरोघर जाऊन ओठ खाली ओढून दात दाखवत होती. आमच्याकडंही आली. मी तिला पेंडेचा खडा खायला देतो म्हणालो, तर खदाखदा हसली. तिचं हसणं असं होतं की आबांच्या गोठ्यातली गाय मान वळवून बघायची.

मग वरचे दात पडले. उजवा पक्का आला, चांगला रुंद, फावड्यासारखा. डावा आलाच नाही. दिवाळी गेली, पुढची दिवाळी गेली, फट तशीच. एक दिवस आबांनी तिला उन्हात उभं केलं, अंगठा फिरवला आणि सांगून टाकलं, "न्हाई. हितं दातच न्हाई."

आता ह्यातली मेख तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही. गाई-बैलांना वरच्या जबड्यात पुढं दात नसतातच, नुसती टणक हिरडी असते. आबांची सगळी विद्या खालच्या जबड्याची. वरच्या हिरडीचा त्यांचा अनुभव शून्य. तरी त्यांनी निकाल दिला आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. झुंबरबाई, म्हणजे आबांच्या मंडळी, एवढंच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मोठी झाली की सोन्याचा बसवू."

समृद्धीनं आबांचा शब्द खरा मानला. दात यायचा नाही, तर नाही. तिनं वाट बघणं सोडलं आणि हसू आलं की तोंडावर हात ठेवायला शिकली. पाचवीत शाळेच्या स्नेहसंमेलनाला नाच बसवला, बाईंनी तिला पुढच्या रांगेत उभं केलं. पोरगी म्हणाली, "मला नको बाई. नाचताना दोन्ही हात मोकळे ठेवावे लागतात." हे मला तिच्या आईनं, अनितानं, सांगितलं.

अनिता मूळची वरवंडची. बोलायला मऊ, पण एकदा मनात घेतलं की मागं हटत नाही. त्या वर्षी शाळेत दात तपासायला डॉक्टर आले होते. त्यांनी सांगितलं, एक्स-रे काढून घ्या, नुसतं बघून काही कळायचं नाही. अनितानं घरी विषय काढला, तेव्हा मी तिथं दूध घ्यायला उभा होतो.

"फोटू काढून दात उगवतो व्हय?" आबा म्हणाले.

"उगवत न्हाई आबा. पन आत हाय का न्हाई, ते तर कळंल."

"ते मी सांगितलंय की."

"तुमी हात लावून सांगितलंय. ते आतलं बघून सांगत्यात."

"आतलं!" आबा हसले. "हाडाच्या आतलं कुणाला दिसतंय?"

झुंबरबाईंना वेगळीच काळजी. त्या किरणांनी पोरीच्या डोक्याला काही झालं म्हणजे? पण अनिता ऐकेना. तिचा नवरा पप्पू सणसवाडीला नोकरीला, त्याला सुट्टी मिळेना. माझी साप्ताहिक सुट्टी होती आणि गाडी होती, म्हणून मी तयार झालो. निघताना बघतो तर आबा इस्त्रीची टोपी घालून पुढच्या सीटवर आधीच बसलेले. म्हणाले, "चला. बघू तरी तुमचं आतलं." मी गाडी शिरूरच्या दातांच्या दवाखान्याकडं काढली.

डॉक्टरीण निघाली आबांच्या ओळखीतली. आसमीन, मुजीबभाईंची मुलगी. मुजीबभाई आमच्या भागातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. आबांनी दारातच विचारलं, "मुजीबची पोरगी व्हय गं तू?"

"व्हय आबा. या, बसा." तिनं स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली.

तिनं समृद्धीच्या तोंडात बारका आरसा घातला, फटीवरची हिरडी बोटानं दाबून पाहिली, आतून टाळूकडूनही दाबली. आबा बारकाईनं तिचे हात बघत होते. मला हळूच म्हणाले, "हात चांगला हाय."

"आबा, दात आहे की नाही, मला असं सांगता येणार नाही," ती म्हणाली. "फोटो काढावा लागेल."

"मला आलं सांगता."

"माझ्या बोटाला तेवढी नजर नाही, आबा," ती हसून म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, पण आबा जरा चुळबुळले.

अनितानं सासूची शंका विचारली. आसमीननं ती हसण्यावारी नेली नाही. म्हणाली, किरण असतात, पण ह्या फोटोला फार थोडे लागतात. तेही उगाच द्यायचे नाहीत, म्हणून गरज असेल तरच फोटो काढायचा आणि अंगावर शिशाचं एप्रन घालायचं. "आम्ही दिवसभर हेच काम करतो, म्हणून बटण दाबताना आम्हीही बाहेर थांबतो."

फोटोत धातू चालत नाही, म्हणून समृद्धीचे कानातले डूल काढले. ते आबांनी हातात घेतले. तिच्या अंगावर एप्रन चढवलं, ते इतकं जड की पोरगी वाकली आणि मग ताठ झाली. एका उभ्या यंत्रापुढं तिला उभं केलं. हनुवटी टेकवायची, पुढच्या दातांत एक काडी धरायची, मुठींनी दांडे पकडायचे आणि हलायचं नाही. आम्ही सगळे बाहेर, काचेच्या पलीकडं. बारीक आवाज सुरू झाला आणि यंत्राचा हात तिच्या डोक्याभोवती हळूहळू फिरू लागला, ह्या कानापासून त्या कानापर्यंत. समृद्धी डोळे मिटून उभी होती. आबांचं नाक काचेला लागलं होतं. जन्मभर जनावराचं तोंड धरायला त्यांना जोर लावावा लागला, आणि इथं हात न लावता ते यंत्र फिरून परत जागेवर आलंसुद्धा.

मग आसमीननं आम्हाला पडद्यासमोर बोलावलं.

मी एक्स-रे पाहिलेले आहेत. कंपनीत एकाचा हात मोडला होता तेव्हा पाहिला होता. पण असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, हे मी कबूल करतो. गुंडाळलेली चटई उलगडून जमिनीवर अंथरावी, तसा पोरीचा सगळा जबडा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सपाट मांडलेला होता. रोज दिसतात ते दात एका रांगेत होतेच. पण ती नुसती पुढची रांग होती. तिच्या मागं, हाडाच्या आत, दुसरी रांग बसलेली होती. प्रत्येक दुधाच्या दाढेच्या मुळांच्या बेचक्यात पुढची पक्की दाढ, घडवून तयार. वरचे सुळे पार नाकाच्या बाजूला, उंच. आणि अगदी मागं कोपऱ्यात चार गोल खोबणी, त्यात अक्कलदाढांच्या नुसत्या टोप्या, अजून मुळंही न फुटलेल्या. पोरगी दहा वर्षांची, आणि तिच्या विशीतले दात आताच तिच्या हाडात घडायला लागले होते. कुणी सांगितलं त्यांना? कुणी जागा आखून दिल्या? माझ्या अंगावर काटा आला.

आबा खुर्चीतून उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. आबा टोपी फक्त देवळात आणि अंघोळीला काढतात.

"हे सगळं हिच्या तोंडात हाय?" त्यांनी विचारलं.

"हो आबा."

"आत्ता? ह्या घडीला?"

"आत्ता. ती तिकडं बसलीय ना, तिच्या गालामागं आत्ता हे असंच आहे. दुधाचे दात तर आईच्या पोटात असल्यापासून घडायला लागतात."

अनितानं वळून लेकीकडं पाहिलं, जणू पहिल्यांदाच बघत होती. आबा पडद्याच्या आणखी जवळ गेले. बोट उचललं, पण लावलं नाही.

"आन् बैलाचं बी असंच असंल?"

"बैलाचं मी शिकले नाही, आबा. पण दात काही आयत्या वेळी कुठून येत नसणार. आत तयार होऊनच येत असणार."

आबांनी बोट खाली घेतलं. त्यांच्या डोळ्यांपुढून कोणकोणत्या कालवडी गेल्या असतील, ते त्यांचं त्यांना माहीत.

मग आसमीननं फटीच्या वर बोट ठेवलं. "आणि हा बघा. हा तिचा दात."

तो होता. फटीच्या बराच वर, नाकाखालच्या हाडात, जरा तिरका, पण आख्खा. उजव्या दातासारखाच रुंद. आणि त्याच्या खाली, नेमका वाटेत, ज्वारीच्या दाण्याएवढा एक टोकदार तुकडा. आसमीन म्हणाली, हा जादा दात, कुणाकुणाला असतो. तो मध्ये बसला म्हणून खरा दात खाली येऊ शकला नाही. आणखी एक गोष्ट तिनं दाखवली. मागच्या दोन दाढा जिथं एकमेकींना टेकतात, तिथं काळपट सावली होती. वरून त्या दाढा पांढऱ्याशुभ्र. "ही कीड असावी. तिथं आरसा पोचत नाही, डोळा पोचत नाही. दुखायला लागेपर्यंत कळली नसती. त्या जागेचा एक छोटा फोटो वेगळा काढून खात्री करू."

पण मुख्य गोष्ट दाताची होती. आसमीननं समजावून सांगितलं. दाताचं मूळ अजून पुरतं झालेलं नाही, म्हणून त्याच्यात खाली यायचा जोर आहे. जादा दात आत्ता काढला, तर हा आपणहून यायची चांगली शक्यता आहे. मूळ पूर्ण झालं की तो जोर ओसरतो. मग तार लावून ओढावा लागतो आणि तरीही प्रत्येक वेळी येतोच असं नाही. "अजून थोडी वर्षं गेली असती तर अवघड होतं," ती म्हणाली. त्या वेळी आम्ही कुणीच आबांकडं पाहिलं नाही. छतावरचा पंखा मात्र सगळ्यांनी पाहून घेतला.

समृद्धी खुर्चीत बसून ऐकत होती. भूल द्यायची, हिरडी थोडी उघडायची, हे शब्द कानावर पडले तशी तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले.

"मी न्हाई काढून घेणार," ती हाताआडून म्हणाली. "दातच न्हाई तर हिरडी कशाला कापायची?"

"अगं, दिसतोय की तिथं," अनिता म्हणाली.

"तो दुसऱ्या कुनाचा तरी फोटो असंल. आबांनी सांगितलंय, न्हाई म्हणून."

आसमीननं पडद्यावरचं नाव दाखवलं, उजवा दात ओळखून दाखवला. पोरगी पडद्याकडं बघेचना. ती आबांकडं बघत होती. एवढं मोठं यंत्र, एवढी शिकलेली डॉक्टर, आणि पोरीला हवी होती आबांची साक्ष. तिनं विचारलं, "आबा, खरंच हाय?"

बाजारात मोठमोठ्या दलालांनी दम दिला तरी आबांनी शब्द फिरवल्याचं मला आठवत नाही. ह्या माणसाचा तो एवढाच मान होता आणि त्यावर ते जगत आले होते. ते नातीच्या खुर्चीपाशी गेले आणि गुडघ्यावर हात टेकून खाली बसले.

"हाय," ते म्हणाले. "दात हाय, बाय. आबाचं चुकलं. मला दिसला न्हाई, तर मी न्हाईच म्हनलो."

समृद्धीनं तोंडावरचे हात खाली घेतले. मग तिनं विचारलं, "दुखंल का?"

"थोडं दुखंल. मी बाहेर हुबा ऱ्हातो."

तिनं मान डोलावली. आबांनी मूठ उघडून डूल तिच्या आईला दिले. ते इतके घट्ट धरले होते की आकड्यांचे वळ तळहातात उमटले होते.

पुढच्या आठवड्यात जादा दात निघाला आणि किडलेली दाढही वेळेत भरून झाली. आबा सांगितल्याप्रमाणं दाराबाहेर उभे राहिले, बस म्हटलं तरी बसले नाहीत. त्यानंतर सुरू झालं वाट बघणं. आबांनी आसमीनकडं हट्ट धरला, दर महिन्याला फोटो काढ, आतला दात कुठवर आला ते बघू. तिनं त्यांना चांगलंच दटावलं. "आबा, हौसेसाठी फोटो काढायचा नसतो. गरज पडली की मी सांगेन." आबांना दटावणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. चांगले काही महिने गेल्यावर तिनं एकच छोटा फोटो काढला आणि सांगितलं, दात खाली सरकलाय, तारेची गरज दिसत नाही. आबा त्या दिवशी सबंध गावाला पेढे वाटायला निघाले होते. झुंबरबाईंनी अडवलं, "आधी येऊ तरी द्या भायेर."

मोठ्या फोटोची फिल्म मात्र आबांनी मागून घेतली होती. ती पाकिटात घालून ते बाजाराला न्यायचे आणि उन्हात धरायचे. गुरांच्या बाजारात, शेणामुताच्या वासात, पागोटी-टोप्या घातलेली माणसं माना वर करून एका पोरीच्या जबड्यातून सूर्य बघत उभी राहायची. एकदा मी तिथं होतो. एक म्हातारा बराच वेळ बघून म्हणाला, "आयला, आन् आपन समजतो तोंडात जीभ आन् बत्तीस दात." आबा कुणाला काही समजावत नसत. नुसतं म्हणत, "बघा. नीट बघा."

त्याच बाजारात एकानं आबांना आपली कालवड दाखवली. जोडीतला एकच दात आलेला, शेजारी फट. घेणारा आबांच्या तोंडाकडं बघत होता, विकणाऱ्याचा चेहरा पडलेला. आबांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग हात धोतराला पुसत म्हणाले, "आत असंल. नसंल बी. मला आतलं दिसत न्हाई." दोघंही चकित झाले. मला वाटलं, आबांचा धंदा बसला. पण लोक त्यांना आजही गाडीत घालून नेतात, उलट जरा जास्तच.

परवा सकाळी मी दुधाला गेलो होतो. आबा धार काढत होते. समृद्धी ब्रश तोंडात घेऊन फेसासकट धावत आली आणि गोठ्याच्या दारात थांबली. काहीतरी टोचतंय म्हणाली. तिनं चूळ भरली. आबांनी बादली बाजूला ठेवली, हौदावर जाऊन साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. जनावराच्या तोंडात जाणारा हात त्यांनी ह्याआधी कधी साबणानं धुतल्याचं मला माहीत नाही. अंगठा वरच्या हिरडीवरून सावकाश फिरला आणि थांबला.

मी म्हणालो, "काय आबा?"

आबांनी अंगठा बाहेर काढला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. पोरीला कळलं. ती हसायला लागली आणि सवयीनं तिचा हात तोंडाकडं गेला.

आबांनी तो हात वाटेतच धरला आणि खाली घेतला. समृद्धी पहिल्यासारखी खदाखदा हसली, गाईनं मान वळवली, आणि त्या हसण्यात हिरडीतून बाहेर आलेली दाताची पांढरी कड मलाही दिसली.